गुणाचं बाळ

तान्ह्या बाळाला हात लावण्याआधी आमच्या डॉक्टरीणबाई आपले तळहात एकमेकांवर चोळून ऊन करायच्या आणि मग वाकून बाळाचे तळपाय हातात धरायच्या. आधी पाय, मग पोट. स्वतःचे डोळे मिटलेले. बाहेरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगायच्या, "बघ गो, डॉक्टरीण भुरग्याच्या पाया पडता." हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पडतंय तर पडतंय. पोट गरम आनि पाय थंड लागले, की माका देव आठवताच."

पेडणे तालुक्यातल्या त्या आरोग्य केंद्रात मी रक्त-लघवी तपासायचं काम करतो. तुम्हीही कधी ना कधी सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसला असाल, तेव्हा आमच्याकडे काय काय नव्हतं याची यादी देत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू शिरलेत का, हे पक्कं कळायला रक्ताची बाटली पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात पाठवावी लागते. उत्तर यायला काही दिवस लागतात आणि बाळाकडे तेवढे दिवस नसतात. म्हणून बाईंचा सगळा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर, हातांवर आणि मनगटावरच्या घड्याळावर.

"दूध ओढता मां?" हे त्यांचं पहिलं विचारणं. आई हो म्हणाली तरी भागायचं नाही. "माका दाखय," म्हणून तिला तिथेच पाजायला बसवायच्या. मग बाळाची छाती उघडी करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायच्या. बाहेर रांग खोळंबलेली. एकदा खाणीवरचा एक ट्रकवाला कंबर धरून आला होता, तो करवादला. बाई वर न बघता म्हणाल्या, "तू भांडतंस रे, म्हणजे तू बरो आसस. जो भांडणा नाय, तेका मी आधी बघतंय."

एके सकाळी धारगळच्या बाजूच्या एका वाडीतली आजी स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्या न्यायला आली. घरात पहिला नातू झालेला, तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मीही तिथेच उभा होतो. आजी म्हणाली, "आमचो नातू किती गुणाचो म्हणान सांगू! रडणा म्हणून नाय. कालपासून तर दुधाक पण उठवचो लागता."

बाईंनी तिच्या दंडाची पट्टी सोडली आणि त्या उठल्याच. "चल, तुझ्या नातवाक बघूया." मला म्हणाल्या, "तुझी बाटली घे." रांगेतली माणसं बघत राहिली आणि आम्ही केंद्राच्या जीपने निघालो. आजीला वाटलं, डॉक्टरीण बाळ बघायला येते, केवढा हा मान!

बाळंतिणीची खोली बंद होती, ओव्याच्या धुरीने भरलेली. बाईंनी खिडकी उघडली, हात चोळले, पाय धरले. बराच वेळ सोडले नाहीत. बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. मी रक्त घेतलं. सुई टोचली तरी ते रडलं नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. बाईंनी पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं, बाळाला आईच्या छातीशी कापडाने बांधलं आणि म्हणाल्या, "आता इस्पितळात."

आजी दारात आडवी उभी राहिली. घरात सुयेर, म्हणजे जन्माचा विटाळ, बारसं व्हायचंय, बाळाने उंबरा ओलांडायचा नाही. शिवाय त्याच रात्री सटी. सहाव्या रात्री सटी येऊन बाळाचं नशीब लिहिते आणि बाळच घरात नसेल तर ती लिहिणार कुठे?

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "देवी मगो ती? तिका तुझ्या घराची वाट गावता, मग इस्पितळाची वाट गावची नाय?"

आजी मग आत गेली, कोरा कागद, लेखणी, विडा असं सगळं पिशवीत भरलं आणि आमच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली. ती रात्र तिने इस्पितळाच्या व्हरांड्यात सटी मांडून काढली.

तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. रक्ताचा रिपोर्ट त्यानंतर आला. बाईंचा संशय खरा होता. खरा ठरून काय उपयोग?

बाई त्या घरी गेल्या, मला सोबत घेऊन. आजी खाली मान घालून बसली होती. म्हणाली, "मीच सगळ्यांक सांगत फिरलंय, गुणाचो म्हणान. तो दुखण्यान गप होतो गो बाये."

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला. "गुणाचोच होतो तो. तू काय खोटा बोलूक नाय." परतताना जीपमध्ये मला रडू आवरेना. बाई पुढे बघत म्हणाल्या, "एक दीस आधी कळला असता तर..."

त्यानंतर त्या आजीने वाडीतल्या कुठल्याही बाळंतिणीला स्वस्थ बसू दिलं नाही. सुयेर असो नसो, सरळ आत शिरायची, झोपलेल्या बाळाच्या तळव्याला टिचकी मारायची आणि ते भोकाड पसरेपर्यंत हलायची नाही. सुना मनातून वैतागायच्या, पण त्या आजीला कोण बोलणार?

गेल्या वर्षी बाई गेल्या, साखळी गावातल्या आपल्या घरी. आजारपण फार नव्हतं. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. आता त्यांच्या खोलीत एक तरुण डॉक्टर बसतो. चांगला आहे, मन लावून बघतो.

यंदा आजी शेजारच्या मुलीला आणि तिच्या बाळाला घेऊन आली. बारशाला अवकाश होता, पण उंबरा ओलांडायला लावणारी आजीच. टिचकी मारूनही बाळ रडलं नव्हतं. डॉक्टरने लगेच इंजेक्शन सुरू केलं आणि पुढे पाठवलं. बाळ वाचलं.

परवा त्याच बाळाला लस टोचायला आणलं होतं, आजीही बरोबर होती. सुई लागली आणि त्याने असा टाहो फोडला की माझ्या खोलीपर्यंत आवाज आला आणि मी बाहेर आलो. बाकावरचं कुणीतरी म्हणालं, "गप कर गो तेका."

"रडांदे," आजी म्हणाली. मग बाईंच्या बसायच्या खोलीच्या दाराकडे बघत हळूच म्हणाली, "बायेन ह्या आयकाक व्हया होता."

बाळ रडतच होतं.