आधी काटा तपासा

"काका, पट्टा खुंटीला टांगून ठेवला होता काय?"

डॉक्टरांनी विचारलं आणि मागं उभी असलेली शिकाऊ पोरं हसली. मी हाफ चड्डीत उभा. उजवा पाय माझा, डावा मांडीपासून खाली कृत्रिम. दारात बायको. तिनं मान खाली घातली.

कोल्हापुरातल्या त्या दवाखान्याच्या शिबिरात वाकणारे कृत्रिम गुडघे फुकट मिळणार होते. मोजक्याच लोकांना, आणि कोण किती चालतं हे बघून. त्यासाठी सात दिवस कमरेला पावलं मोजणारा सेन्सरचा पट्टा बांधायचा होता. मी बांधला. मी गडहिंग्लजकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. केबिनला अकरा पायऱ्या. उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेला, तेव्हापासून ताठ पायानं कठडा धरून एकेक पायरी चढतो. कारखान्याच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, "हंगामाआधी नीट चढता आलं तर या. नाहीतर घरी बसा."

पडद्यावर आकडा होता : दिवसाला सरासरी चारशे बारा पावलं.

मी पिशवीतून वही काढली. शंभर पावलांना एक रेघ, अशा सातही दिवसांच्या रेघा त्यात होत्या. सगळ्यात कमी दिवस एकोणीसशेचा. डॉक्टरांनी पानं चाळली आणि बुधवारवर बोट ठेवलं. अंघोळीनंतर पट्टा बांधायला पाऊण तास उशीर झाला, असं मीच तिथं लिहिलं होतं.

"बघा. काढला होता. स्वतःच लिहिलंय."

पुन्हा हसू. खरं लिहिलं, त्यावरच खोटा ठरलो.

मी म्हणालो, "साहेब, आधी काटा तपासा. पहिली गाडी घ्यायच्या आधी आम्ही काट्यावर ठरलेली वजनं ठेवून बघतो. मगच ऊस."

"हा ऊस नाही, काका."

"शंभर पावलं चालतो. तुम्ही मोजा."

वैतागून ते म्हणाले, "चाला."

मी व्हरांड्यात चाललो. मोठ्यानं मोजत. बायकोही मोजत होती. मांडीचं टोक सोलवटलं होतं, ऐंशीनंतर डोळ्यांत पाणी आलं. शंभर झाली. पडद्यावर एकवीस.

"मी मोजलीत की, सायेब," बायको म्हणाली. "शंभर म्हंजे शंभर."

मी हिशेब सांगितला. पाचातलं एकच पाऊल धरतंय. चारशे बाराला पाचानं गुणा, माझी वही निघते.

डॉक्टरांनी पडद्याकडं बघितलं. मग माझ्या पायाकडं. "मशीन बरोबर आहे. तुमची चाल बरोबर नाही. असं हळू, ओढत टाकलेलं पाऊल ते पाऊल म्हणून धरत नाही. आणि हा गुडघा चालणाऱ्यांसाठी आहे."

फॉर्म पुढं आला. 'रुग्ण निष्क्रिय. मान्य.' खाली सहीची जागा.

बायको कानाशी आली. "करा की वो सही. न्हाईतर पुढच्या बारीलाबी नाव घ्यायचे न्हाईत."

तिचं बरोबर होतं. मला ते कळत होतं. बावीस वर्षं मी वजनाच्या पावत्यांवर सह्या केल्या. काटा चुकत असताना एकही नाही.

सहीच्या जागी लिहिलं : 'चाललो शंभर. दाखवली एकवीस. मान्य नाही.'

"फॉर्म खराब केलात," म्हणून त्यांनी तो फाडला. दुसरा दिला. त्यावरही तेच लिहिलं. त्यांनी तिसरा दिला नाही.

गुडघा मिळाला नाही. हंगाम सुरू झाला, केबिनमध्ये दुसरा माणूस बसला. पुढच्या शिबिराच्या यादीत माझं नाव नव्हतं. चार दिवसांनी बायको म्हणाली, "तुमचंबी खरं हाय. पर खऱ्यानं पायऱ्या चढता येत न्हाईत."

येत नाहीत. आता येतील असंही वाटत नाही.

पण कुणी पुन्हा पट्टा घेऊन आलं तर आधी शंभर पावलं, मोठ्यानं मोजून, त्यांच्या डोळ्यांदेखत. आकडा जुळला नाही तर पट्टा टेबलावर ठेवून मी उठेन. मी ओढत टाकलेलं पाऊल पाऊलच आहे. 'निष्क्रिय' या शब्दाखाली माझी सही कुणालाही मिळणार नाही.