वाकल्यावर येणारा अंधार

माझी भक्ती कुठली आणि आजार कुठला, हे मला वर्षभर कळलं नाही. पहाटे डोळे मिटून बसले की कानात सूं सूं असा नाद यायचा, काळजाच्या ठोक्याबरोबर. देवीपुढे वाकले की डोळ्यांपुढे अंधार पसरायचा आणि क्षणभर जगच नाहीसं व्हायचं. डोकं दुखायचं, तेही मी गोड मानून घेतलं. देवी आपल्याला जवळ घेतेय असं वाटायचं. खरं सांगते, त्याचा मला थोडा तोराही होता. घरात कुणाला बोलले नाही.

सेनगावजवळच्या आमच्या गावातल्या देवळात एका शुक्रवारी सकाळी नमस्कार करून उठताना मी नेहमीसारखी भिंत चाचपत होते. तांड्यावरून दर्शनाला आलेल्या एका अनोळखी म्हातारीनं माझा हात धरला.

“बाई, वाकल्यावर दिसंना व्हतंय का तुमाला?”

“देवी जवळ आली की असंच व्हतं,” मी हात सोडवून घेतला.

“माझी लेकबी अशीच भिंत चाचपायची. आमी म्हनलो, हुईल बराबर. आता तिला न्हाईच दिसत. तुमी डोळ्याच्या डाक्टरकडं जा.”

मला तिचा रागच आला. पण घरी दिवा लावायला वाकले आणि काडी वातीऐवजी बोटाला लागली. त्या दिवशी यांना सगळं सांगितलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, डोक्याचे फोटो काढले. गाठ नव्हती. मेंदूभोवती पाणी असतं, ते रोज नवं तयार होतं आणि रोज जिरतं. माझं जिरणं मागे पडलं होतं. कवटी काही ताणली जात नाही, म्हणून दाब वाढून डोळ्यांच्या नसांवर आला होता. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती, असं ते म्हणाले. मला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी, मान खाली, नमस्कारात असते तशी. पाठीतल्या सुईतून पाणी थेंब थेंब उतरत गेलं आणि कानातला नाद लांब लांब जात थांबला. मला रडू आलं. हलकं वाटलं म्हणून, आणि तो नाद गेला म्हणूनही.

गोळ्या अजून चालू आहेत. म्हातारी पुन्हा भेटली नाही. देवीच आली होती, असं सासूबाई म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. देवी असती तर तिच्या लेकीची नजर गेली असती का?

आता वाकलं की काहीच होत नाही. परवा देवीच्या पायाशी एक मुंगी साखरेचा कण ओढत होती, ती दिसली. कितीतरी वेळ बघत राहिले. खूण मागायचं मी सोडलंय, सगळं देवीच्या हवाली केलंय. फक्त माझा नमस्कार झाला की पुन्हा एकदा वाकते, डोळे उघडे ठेवून, त्या म्हातारीच्या लेकीसाठी.