मीठ कमी आहे असं सांगणारा माणूस

वाढलेलं अन्न परत पाठवता येणार नाही अशी जागा या भूतलावर नाही, हे आमच्या घरमालकांनी, म्हणजे मामांनी, सिद्ध करून दाखवलं आहे. हॉटेलातून काय, कुणीही परत पाठवतं. मामांनी लग्नाच्या पंगतीतून पायसम परत पाठवलं आहे, विमानातून उपमा परत पाठवला आहे, आणि एकदा देवळात प्रसादाचा द्रोण पुजाऱ्यापुढे धरून "यांत तूप कोठें आहे?" असं विचारलं आहे. पुजाऱ्याने देवाकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं आणि म्हणाले, "त्यासही हेंच विचारायाचें असेल. तो बोलत नाहीं, इतकेंच." मी शेजारी उभी होते. तेव्हापासून त्या देवळात मी मागच्या दाराने जायचे.

मी मूळची सांगलीची. ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले आणि अंबत्तूरला मामांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्याने राहिले. मामा-मामी तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं, त्यावर तमिळ हेल. पहिले दोन महिने मला निम्मं कळायचं नाही आणि माझं त्यांना अशुद्ध वाटायचं. खोली बघायला गेले तेव्हा मामांनी पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. "आमटींत गूळ घालितां ना तुम्ही लोक?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि किल्ली दिली. आता हा काय अपमान म्हणायचा की पाहुणचार, सांगा.

हा स्वभाव त्यांना चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीने दिला. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले तेव्हा तिथल्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे ब्रह्मचाऱ्यांच्या खोल्यांच्या इमारतीत, ते सात वर्षं राहिले आणि खालच्या मेसमध्ये जेवले. तिथे जो तक्रार करत नाही त्याला कालचं सांबार मिळतं, हा धडा ते तिथे शिकले. बरं, रागावून उठून जातील तर शपथ. इडली आली की आधी अंगठ्याने दाबायची, परत वर येते का पाहायचं, मग शेवटच्या कणापर्यंत खायची, हात धुवायचे आणि मग आचाऱ्याला बाहेर बोलवायचं. "पूर्ण खाल्ल्यावाचून दोष देणें अन्याय आहे," हे त्यांचं तत्त्व. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

स्वतःच्या घरात मात्र या माणसाने चाळीस वर्षांत एक शब्द काढला नव्हता. काढायला जागाच नव्हती. मामींच्या हातची अंबट भाजी, चिंचेच्या कोळातली पालेभाजी हो, ती खाऊन मी आईला फोनवर जे सांगितलं ते आईला अजून लागून राहिलं आहे. आणि मामी काहीही चाखत नसत. नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, लावलं की उष्टं, हा त्यांच्याकडचा नियम. झाकण काढायचं, वाफ घ्यायची आणि नुसत्या वासावर सांगायचं, मीठ चिमूटभर हवं. कधी चुकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. हिंग आणि साबण त्यांना सारखेच. वास नाही म्हणून मीठ कळेना, आणि चाखून बघायचं तर देवाला उष्टं. मामींनी एक दिवस चूल पुसली, भांडी पालथी घातली आणि मेसचा डबा लावला. रडल्या नाहीत, काही नाही. जेवायच्या, गप्प बसायच्या. वर राहून मला ती शांतता ऐकू यायची, आणि मामा दिवसेंदिवस बारीक होत होते ते नुसत्या मेसच्या जेवणाने नव्हे.

मामांनी त्यावर जो उपाय काढला तो त्यांच्याच डोक्यातून निघू शकतो. मामींना राग आणायचा. डबा उघडला की मोठमोठ्याने डब्याची निंदा करायची: हें सार आहे कीं पाऊस, ही भाजी कोणी मारिली. म्हणजे हिचा अभिमान जागा होईल आणि ही ताडकन उठून पदर खोचेल. मामी म्हणायच्या, "बरें आहे कीं," आणि पान पुढे करायच्या.

अशात कंपनीने मला तीन पास दिले. शहराबाहेरच्या एका मोठ्या करमणूक उद्यानात फुलांचा महोत्सव होता, आणि यंदाचा विषय म्हणे इटली. मामांनी डोळे बारीक केले. "तेथें खावयास असेल?" असेल, म्हटलं. "वाईट असेल?" बहुतेक, म्हटलं. "मग हीस नेऊंच," म्हणाले.

आणि देवा, काय ते वाईट. उन्हाने कोमेजलेल्या झेंडूचा कललेला मनोरा, त्यासमोर फोटोसाठी रांग, आणि मागे खाण्याचे स्टॉल. पास फुकट, खाणं नाही. पेस्टो म्हणून जे दिलं ती कोथिंबिरीची चटणी मिरची घालायला विसरलेली. टोस्टवर कोशिंबीर घालून त्याला परदेशी नाव. कढीपत्त्याचा पिझ्झा, म्हणजे एका घासात दोन देशांचा अपमान. आणि शेवटी थरथरणारी पांढरी वडी, जी मी आजही सांगते, गाईला न कळवता केलेला खरवस होता. इतके दिवस मी मामांना हसत होते, त्या दिवशी मीच दोन स्टॉलवर भांडले. मामा प्रत्येक घास मामींना वर्णन करून सांगत होते, आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत. मामी म्हणत होत्या, "सरी, सरी." म्हणजे बरं, बरं. एवढंच.

शेवटचा स्टॉल रिसोटोचा. आमच्याकडे तापातून उठलेल्याला देतात तो मऊ भात, किंमत मात्र डॉक्टरच्या फीएवढी. मामांनी शीत न् शीत खाल्लं आणि काचेवर टकटक केली. आचारी कुंभकोणमचा निघाला, डोक्यावर हातभर पांढरी टोपी, तोंडावर मास्क, हातात मोजे. मामा तमिळमध्ये कडाडले, की भातात मीठ नाही, तुझ्या आईने तुला हे शिकवलं का. लोक वळून पाहू लागले. मी मनोऱ्याच्या आड जायची जागा शोधत होते.

आचारी मात्र रागावला नाही. हात जोडून म्हणाला, "ऐया, मास्क काढायचा नाही, चाखायचं नाही, असा इथे नियम आहे. वासही येत नाही. सकाळपासून एवढे लोक खाऊन गेले, एकाने तोंड उघडलं नाही. तुम्ही सांगितलंत, बरं झालं." त्याने कढईत मीठ टाकलं, ढवळलं आणि दुसरी वाटी भरून दिली. मामांनी खाल्ली. "आतां बरोबर," म्हणाले, जरा ओशाळून.

मामी त्या आचाऱ्याकडे बघत राहिल्या. त्याच्या मास्ककडे, मग त्याच्या कढईकडे. परतताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मामा माझ्या कानात पुटपुटले, "नाहीं जमलें." म्हातारा इतका हिरमुसलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी जिन्यातून हिंगाचा वास वर आला आणि मी चप्पल न घालता खाली धावले. मामी चुलीपुढे, पदर खोचलेला. मामा ओसरीवर बसलेले, श्वास रोखून, जणू जोरात बोललं तर चूल विझेल. नैवेद्य झाला. पानं मांडली. अंबट भाजी वाढली.

मी पहिला घास घेतला. मीठ इतकं होतं की डोळ्यांत पाणी आलं. मामांकडे पाहिलं. ज्या माणसाने देवळात पुजाऱ्याला सोडलं नाही तो मान खाली घालून भराभरा जेवत होता. "वाढ," म्हणाला. "अमृत आहे." आणखी वाढली, तीही खाल्ली. पाणी दोन तांबे प्यायला.

मामींनी रिकाम्या तांब्याकडे पाहिलं आणि पळी खाली ठेवली. "त्या टोपीवाल्यास सांगितलेंत," त्या म्हणाल्या. "सगळ्या लोकांत सांगितलेंत. मग मला सांगावयास काय जाहलें?"

मामांचा हात पानातच राहिला. चाळीस वर्षांत या घरात हे वाक्य त्यांना कधी बोलावं लागलं नव्हतं, ते बोलायला त्यांना फार वेळ लागला. "मीठ," ते म्हणाले, "मीठ दुप्पट जाहलें आहे."

"सरी," मामी म्हणाल्या. "उद्यां अर्धें घालितें."

मेसचा डबा बंद झाला. त्यानंतर रोज पहिला नैवेद्य देवाला, आणि त्यानंतरची तक्रार मामींना. देवाला मधूनमधून अळणी खावं लागत असेल, पण तो काही पुजाऱ्याला सांगायला गेला नाही. सकाळी मी कारखान्याच्या बसची वाट बघत जिन्यात उभी असायचे आणि खालून मामांचा आवाज यायचा: चिंच अधिक, गूळ नको, मीठ बोटभर कमी. तो आवाज आला की दिवस सुरळीत जाणार हे मला कळायचं.

आता माझी बदली चाकणला झाली आहे. परवा फोन केला आणि जेवलात का विचारलं. "जेवलों. भात गिच्च, सार पाणी," मामा सुरू झाले. मागून मामींचा आवाज आला, "मिठाचेंही सांगा कीं." मामा म्हणाले, "मीठ बरोबर आहे," आणि पुन्हा भाताच्या तक्रारीकडे वळले.

फोन ठेवून जेवायला बसले. आमटीत मीठ कमी होतं. घरात मी एकटीच. तरी मोठ्याने सांगून टाकलं.