शनीच्या चंद्रावरचा कप्तान

आमच्या शेजारच्या नर्सबाईंइतकी मायाळू बाई अख्ख्या आमगावात नसेल, आणि त्यांच्याइतकी माणसंही कोणी मारली नसतील. मारली ती अर्थात वहीत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी पापड-सरगुंड्यांकडे वळल्या. नर्सबाई शनीच्या एका चंद्रावर गेल्या. तिथल्या वस्तीवर त्यांनी एक कप्तान नेमला. हवा पुरेना झाली तेव्हा त्याने मधलं पोलादी दार लावून घेतलं, पलीकडची अकरा माणसं मरू दिली, अलीकडची सगळी वस्ती वाचवली आणि मग तो जेवायला बसला.

बीपी मोजायला जो येईल त्याला पट्टा बांधून हे ऐकावं लागे, त्यामुळे आमच्या गल्लीत कोणाचंच बीपी कधी बरोबर भरलं नाही. माझी बायको तणतणत घरी आली, म्हणाली, "असा माणूस मेलेलाच बरा." दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडायची सोडून ती पुन्हा त्यांच्याकडे, का, तर कप्तानाचं पुढे काय झालं.

मी मराठीचा प्राध्यापक, म्हणजे न विचारता सल्ला देणारा. म्हटलं, "बाई, वाचकाला माणूस आवडायला हवा. त्याला निदान एखादं कुत्रं पाळू द्या."

"कुत्रा कायले, सर?" नर्सबाईंनी चष्मा काढला. "तो चांगला माणूस नाहीच. पण केलं ते कोणावर ढकलत नाही. अकराही नावं त्याले पाठ आहेत. लोकं शिव्या देतात, तो ऐकून घेते."

"मग जेवायला काय बसतो?"

त्यांनी वहीची पानं सारखी केली. "मी बी बसली होती," त्या म्हणाल्या. "दरेकशाकडं उपकेंद्रात होती तेव्हा. बाळंतपणात दोघी अडल्या, अन् जीप एक. एकीले पाठवलं, दुसरीले थांबवलं. थांबली ती वाचली, तिचं लेकरू गेलं. मी दोन दिवसांची उपाशी होती, सर. जेवली." मग त्यांची बदली झाली, आणि त्यानंतर त्या गावात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

मी एवढंच म्हणालो, की ही गोष्ट त्या बाईला वाचून दाखवायला हवी. महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी पिशवीत वही घालून दारात उभ्या राहिल्या. "चाला, सर. गाडी निघून जाईल."

दरेकशाला ती बाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने ओळखलं, पाणी दिलं. नर्सबाईंनी ख्यालीखुशाली विचारली नाही. वही उघडली आणि इंजेक्शन देण्याआधीच्या आवाजात दाराचा सगळा प्रसंग वाचला. बाई मोहफुलातला कचरा वेचत ऐकत होती.

"दार लावताना तुमचा कप्तान त्या लोकाईपाशी गेला का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग तो तुमी नाही, बाई. तुमी माह्यापाशी बसून सांगतलं होतं, का जीप एकच आहे. मी तुमाले लय शिव्या देल्या. तुमी हात नाही सोडला."

"राग गेला का?" नर्सबाईंचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"राग कुठं जाते जी. पण मी तुमची वाट पाहत होती." बाईने फुलं एका बाजूला सारून त्यांच्याजवळ बैठक मारली. "आता म्होरं काय झालं ते वाचा."

नर्सबाईंनी उरलेली वही वाचली. उन्हं कलली तरी बाई आम्हाला उठू देईना. निघताना तिने विचारलं, की पुढचं कधी आणता.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर नर्सबाईंनी पेन काढलं. मग ते वहीसकट माझ्याकडे सरकवलं. "लिहा. दार लावायच्या आधी कप्तान त्या अकरा जणांपाशी गेला अन् एकेकाचं नाव घेऊन..." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. वाक्य फार लांबत होतं. मी त्यातला एक शब्दही सुधारला नाही.