सुमन आजारी नव्हती

विलास आन मी मिळून शेवटचं काम केलं ते हॉल धुण्याचं. त्यानं बादल्या ओतल्या, मी खराटा मारला. मग एक चहा घेतला, अर्धा कपात त्याला, अर्धा बशीत मला. उद्यापासून दोन दिवसांच्या शिबिराला मुंबईचे मोठे सर येणार होते. विलास म्हणाला, "जेवायला या खेपेला तुझं घर. वहिनीला सांग."

महाडात आमचा कराटेचा क्लास होता, त्या सालांतली गोष्ट. विलास शिकवायचा. हॉल भातगिरणीवाल्या शेटचा. मी केमिकलच्या कारखान्यात कामाला. ड्युटी सुटली की थेट क्लासला. मुंबईचे सर आले की डाव दाखवायला मलाच पुढं बोलवायचे. उचलून आपटायचे. मी पडायचो, उठायचो, परत पडायचो. मला त्याचा मान वाटायचा. खोटं कशाला सांगू.

सरांचं जेवण पाळीनं एकेका शिष्याच्या घरी. आम्ही बौद्धवाडीतले. आमच्यावर पाळी कधी आली नव्हती. विलास मात्र कितींदा आमच्या चुलीपुढं बसून जेवलेला. सुकटीची चटणी मागून घ्यायचा. म्हणून त्याच्या शब्दावर मी इसवास ठेवला.

माझ्या बायकोनं, सुमननं, आदल्या दिवशी घर सारवलं. सकाळी गावठी कोंबडा केला, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. शिबिर दुपारी सुटलं. त्या दिवशी सरांनी मला लई आपटलं, पाठ सोलून निघाली. विलास म्हणाला, "तू पुढं हो रे. मी सरांना घेऊन येतो."

मी पुढं झालो. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. भाकऱ्या गार झाल्या. कोण आलं नाय. मला वाटलं रस्ता चुकले. मी बघायला गेलो.

शेटच्या ओटीवर सर जेवून हात धूत होते. विलास त्यांच्या हातावर पाणी ओतत होता. सरांनी मला बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, "काय, मिसेसची तब्येत कशी आहे आता?"

विलासनं मान वर केली नाय. पाणी ओततच राहिला.

मला समजायला येळ लागला. मग सगळं एकदम समजलं.

मी परत फिरलो तसा विलास मागं धावत आला. शेटनी विचारलं म्हणे, सरांना कुठं नेतोस. हॉल शेटचा, क्लास बंद पडला असता. मी विचारलं, मग माझ्या बायकोला आजारी कशाला पाडलीस? तो म्हणाला, "दुसऱ्या कोणाला दुखवता येत नाय रे. तू आपला हायस. तू समजून घेशील."

आपला म्हणून लाथ मलाच.

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती रडली नाय. तांब्यातलं पाणी तिनं तिथंच दारात ओतून टाकलं. झाकलेलं जेवण शेजारी वाटलं. स्वतः घास घेतला नाय. मग म्हणाली, "आजारी म्हणाला? मंग उद्या मला घेऊन चला. बघू दे त्यांना, आजारी कशी दिसते ती."

सुमन जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्या मागच्या जलदानाच्या विधीला विलास आला होता. म्हातारा झालाय. माझा हात धरून म्हणाला, वहिनीच्या हातची भाकरी जन्मात विसरणार नाय. वाडीतली माणसं समोर होती, मी गप्प बसलो. तेव्हा बोललो नाय म्हणून आता लिहितोय. त्याला भाकरी आठवते. मला गार झालेल्या भाकऱ्या आठवतात.

तर त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आन सुमन हॉलवर गेलो. सगळे रांगेत उभे, शेटपण बघायला आलेले. सरांनी सवयीनं बोट केलं, "ये, मध्ये ये." मी मध्ये गेलो, पण रिवाजापरमाणं सरांपुढं वाकलो नाय. म्हटलं, "सर, ती दारात उभी हाय ती माझी बायको. ती आजारी नव्हती. काल तुमचं जेवण करून वाट बघत होती."

 सरांनी विलासकडं बघितलं, मग शेटकडं. म्हणाले, "जाऊ द्या, मनावर घेऊ नका. आपण इथे शिकायला जमलोय."

म्हणजे त्यांनापण कळलं होतं. कळूनसुद्धा डाव पुढं चालू करायचा होता.

मी म्हटलं, "काल माझं अंग चाललं, माझं घर नाय चाललं. आता अंगपण मिळणार नाय. आपटायला दुसरा बघा."

विलासनं हाक मारली. मी मागं बघितलं नाय.

तिथून आम्ही नीट वाडीत आलो. विहारापुढच्या अंगणात मी चुन्याची रेघ मारली आन पोरापोरींना हाळी दिली. शेटच्या हॉलात क्लास सुरू व्हायचा तो वाकून. मी वाकणं काढून टाकलं. पयला धडा ठेवला पाय रोवून उभं राहायचा. पोरं लाजत कडेला थांबलेली. सुमननं पदर खोचला, कासोटा घट्ट केला आन रेघेवर सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "आता ढकलतो गो. हलायचं नाय."