जवळचा डोळा

फोटो काढण्याआधी नाना समोरच्या माणसाच्या तोंडाजवळ स्वतःचा हात उलटा धरायचे. पहिल्यांदा बसलेला माणूस दचकायचाच. नाना मात्र त्या हाताच्या पाठीवर पडलेला उजेड मोजायचे, कॅमेऱ्याचे आकडे फिरवायचे आणि सहज विचारायचे, "घरात सगळ्यांत आधी कोण उठतं?" उत्तर देता देता माणूस मनाने घरी पोचायचा, चेहरा सैल व्हायचा, आणि तेवढ्यात नानांनी बटण दाबलेलं असायचं.

चाळीसगावात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. आसपासच्या खेड्यांतली म्हातारी माणसं तिथे धुतलेले कपडे घालून यायची. कशासाठी, ते कुणी बोलायचं नाही. पुढे भिंतीवर लागणारा आणि हार पडणारा फोटो आपल्या हयातीत, आपल्या मनासारखा काढून ठेवावा, एवढीच त्यांची इच्छा असायची.

माझी आणि नानांची ओळख अशाच एका फोटोवरून झाली. मी प्राथमिक शाळेत शिक्षक. हौसेने कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो वडिलांचा काढला. भर दुपारी, अंगणात, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घालून बसवून. मागची भिंत धूसर दिसली पाहिजे, याचंच मला वेड होतं. तीन महिन्यांनी वडील अचानक गेले. दुसरा धड फोटो नव्हता, म्हणून तोच मोठा करायला मी नानांकडे नेला.

नानांनी तो पडद्यावर मोठा केला. मग मान वर करून अहिराणीत म्हणाले, "मास्तर, हाऊ टोपीना फोटू शे. माणूस कोठे शे?"

खरंच तो टोपीचा फोटो होता; तिची शिवण मोजता येत होती. खाली चेहरा काळोखात गेला होता आणि डोळे पुसल्यासारखे दिसत होते. मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर काही करता येईल का?"

"काळोख थोडा उजळवता येईल," नाना म्हणाले. "पण डोळा धरलाच नाही तुम्ही, फोकस टोपीवर ठेवला. जे आत आलंच नाही, ते मी बाहेर कुठून काढू?"

मी त्यांच्या दुकानात रडलो. नानांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि एवढंच विचारलं, "आई शे ना?" मी हो म्हणालो. "मग दर रविवारी येत जा."

पहिले चार रविवार त्यांनी मला माणूस दिलाच नाही. खुर्चीच्या पाठीला ते वर्तमानपत्रातलं श्रद्धांजलीचं पान टाचून ठेवायचे. मी कॅमेरा लावायचा आणि ते सांगतील त्या ओळीचं अक्षर न् अक्षर वाचता येईल असा फोटो काढायचा. त्या पानावरचे चेहरे बघून नाना हळहळायचे. कुणी गोरे केलेले, कुणी पुसट, कुणी लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेले. "जन्मभर उन्हात राबला आणि मेल्यावर पावडर लावली बिचाऱ्याला," म्हणायचे.

मग माणसं आली. शिकवणं नानांच्या दोन वाक्यांत मावायचं. पहिलं, "जवळचा डोया धरा, मंग बठ्ठं येस." म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ असलेला डोळा स्पष्ट आला की बाकी सगळं मागोमाग येतं. दुसरं टोपीबद्दल. पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरतो, उजेड कमी करतो आणि रापलेलं तोंड काळं पडतं. म्हणून मोजायचं ते उन्हात रापलेल्या आपल्या हातावर. "टोपी उजेडात जळाली तरी चालेल, माणूस विझायला नको."

आईचा फोटो मी त्यांच्याच स्टुडिओत काढला. नानांनी पडद्यावर आईचा डोळा मोठा केला. त्यात खिडकी दिसत होती, पापणीचे केस दिसत होते. "आल्या माय," एवढंच म्हणाले. आईने पदर डोळ्याला लावला.

तोवर नानांची स्वतःची नजर साखरेच्या आजाराने निम्मी नेली होती. उजवा डोळा तर पार गेला, पांढुरका झाला. एका रविवारी ते आपणहून खुर्चीत बसले. "मास्तर, आता मन्हा काढा."

मी हात उलटा धरला, उजेड मोजला. पण ते बसले होते तसा गेलेला डोळा माझ्या बाजूला येत होता. भिंतीवर कायमचा राहणारा फोटो, त्यात हे कशाला, असं वाटून मी हळूच दोन पावलं सरकलो. चांगला डोळा जवळ घेतला.

"जागा बदलली का?" त्यांना पावलांवरून कळलं होतं.

मी कॅमेरा खाली घेतला.

"हाऊ डोया मरेल शे, पण मन्हाच शे ना! बठ्ठी माणसं यानीच दखाडी माले." सगळी माणसं यानेच मला दाखवली, असं ते म्हणत होते. खरंच, त्याच डोळ्याने त्यांनी आयुष्यभर कॅमेऱ्यातून माणसं पाहिली होती. मी परत जागेवर आलो. तोच डोळा धरला आणि विचारलं, "नाना, घरात आधी कोण उठतं?" त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आपलाच प्रश्न ओळखून ते हसले, आणि मी बटण दाबलं.

नाना मागच्या वर्षी गेले. चौकातल्या फलकासाठी त्यांचा मुलगा माझ्याकडे फोटो मागायला आला. पाहून घुटमळला. "सर, डोळा नीट करून द्या ना. आणि थोडे गोरे." नाना त्या डोळ्याबद्दल जे म्हणाले होते, ते मी त्याला सांगितलं. तो फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या. नाना असेच बघायचे."

तो फोटो आता स्टुडिओत आहे. आईचा मी अजून लावलेला नाही, ती धडधाकट आहे. घरच्या भिंतीवर फक्त वडिलांचा आहे, तोच, मी काढलेला. आई रोज त्याला फूल वाहते आणि एकदाही मला काही बोललेली नाही. टोपीची शिवण अजून मोजता येते. डोळे मात्र मला आठवावे लागतात, आणि अलीकडे आठवायला वेळ लागतो.