बॅरनच्या बुटांवर डोकं

“पायांवर डोकं ठेवायचं आणि रडायचं. तुला काही शिकवायला नको.”

काका असं म्हणाले आणि नाटकाच्या तालमीला बेसमेंटमध्ये जमलेले सगळे हसले. मीही हसले. एका हातात स्क्रिप्ट, दुसऱ्या हातात चिवड्याची पेपर प्लेट. ऑफिसातून थेट आले होते. डोकं ठणकत होतं. हसून टाकलं की पुढे काही बोलावं लागत नाही, हे मला पाठ झालंय.

काका म्हणजे वेस्ट विंडसरमधल्या आम्हा सगळ्यांचे काका. रिटायर्ड हार्ट सर्जन. आपण इथे परदेशात आलो तेव्हा भेंडीसुद्धा मिळत नव्हती, हे ते दर गणपतीत सांगतात. मराठी मंडळ त्यांनी उभं केलं. मुलांची रविवारची मराठी शाळा त्यांच्या शब्दावर चालते. मी नागपूरची. इथे एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नवराही आयटीत. आमच्यासारख्यांना मंडळ लागतं. नाहीतर आमच्या यशूशी मराठी बोलायला आई-बाप सोडून कुणीच नाही.

मंडळात मला कुणी कधी वाकडं बोललेलं नाही. पहिल्या हळदीकुंकवाला आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात कुठे. मग “अच्छा” म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मोदक वळायला मला कुणी बोलावत नाही. “तू आधीच दमतेस गं, तू खुर्च्यांचं बघ.” दर वर्षी मी खुर्च्यांचं बघते. आमच्या हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो आहे. म्हणजे होता. मंडळातलं कुणी घरी येणार असलं की नवरा तो उतरवून क्लोझेटमध्ये हिवाळी कोटांमागे ठेवायचा. पुढे पुढे तो परत लावायचाच राहून गेला.

तर नाटक. यंदाच्या गणपतीसाठी काकांनी स्वतः लिहिलेलं. एका जर्मन मंत्र्याच्या आयुष्यावर. जुन्या काळातला बॅरन, मोठ्या खानदानातला. तरुणपणी सरकारी खाणींचा कारभार सांभाळला, चढत चढत राजाचा मंत्री झाला. तोंडाने फटकळ, म्हणून राजाने त्याला काढून टाकलं. मग राजा लढाई हरला, अर्धं राज्य गेलं, आणि त्यालाच परत बोलवावं लागलं. आल्या आल्या त्याने शेतकऱ्यांची वेठबिगारी कायद्याने संपवली. शहरांना आपला कारभार आपण निवडून चालवायचा हक्क दिला. मग फ्रान्सच्या बादशहाच्या डोळ्यांत तो खुपला, आणि देश सोडून पळावं लागलं. माणूस मोठाच होता. ते मी नाकारत नाही.

बॅरन अर्थात काकाच. मी राणीचं काम मागितलं होतं. राजाची समजूत घालून बॅरनला परत आणणारी राणी, दोन चांगले सीन होते तिचे. मला काम येतं. नागपूरला आमच्या वस्तीत मी पथनाट्यं केलीत, माइक नसताना चौकाच्या टोकापर्यंत आवाज पोचवलाय. पण राणी जरा गोरी, घारी हवी म्हणे. मला मिळाली वेठबिगार बाई. वेठबिगारी संपल्याचं ऐकून ती धावत येते, बॅरनच्या बुटांवर डोकं ठेवते आणि म्हणते, “मायबाप, तुमचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत.” एवढंच. जर्मनीत असं पाया पडत होते का, हे कुणी विचारलं नाही. राजा गणपतीच्या मखरातल्या सिंहासनावर बसणार होता आणि बॅरनचा विग हॅलोविनच्या दुकानातून आला होता, तिथे एवढी कोण चौकशी करणार?

मी मात्र केली. मला माझ्या बाईचं पुढे काय झालं ते हवं होतं. लंच ब्रेकमध्ये वाचत गेले. माणसं मोकळी झाली, हे खरं. जमीन मालकांचीच राहिली. पुढे ज्यांना जमीन हवी होती त्यांनी आपण कसत होतो त्यातलाच मोठा तुकडा मालकाला द्यायचा, तेव्हा उरलेला आपला. ज्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, ते त्याच मालकाच्या शेतावर मजूर म्हणून राबले. माझी बाई त्यांतलीच असणार.

पुढच्या तालमीला मी काकांना म्हटलं, “काका, तिला जमीन मिळालीच नाही. ती पायावर कशाला डोकं ठेवेल? तिने विचारायला हवं, आता खायचं काय.”

“अगं, नाटकात एवढं डिटेल नको,” ते म्हणाले. “कृतज्ञता हा क्लायमॅक्स आहे.”

“मग नुसता नमस्कार करते. उभ्याने.”

काका हसले. रागावले नाहीत, ते कधीच रागावत नाहीत. खुर्ची जवळ ओढली आणि मोठ्या मायेने म्हणाले, “तुला सांगतो, हा सीन मी मनाने रचलेला नाही. माझ्या आजोबांनी गावातली विहीर तुमच्या लोकांना खुली केली होती. तेव्हा एक म्हातारी अशीच आली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली. घरात अजून सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक आहे. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून तुला घेतलंय.”

तुमच्या लोकांना. इतक्या वर्षांत मंडळात पहिल्यांदाच कुणी हे तोंडावर म्हटलं, तेही डोळ्यांत पाणी आणून.

मला एकदम सगळं कळलं. जर्मनीचा काही संबंधच नव्हता. काकांना विग घालून त्यांचे आजोबा व्हायचं होतं. त्यासाठी म्हातारी हवी होती, आणि ती खरी हवी होती. आईच्या गावातली विहीर आठवली. तीही अशीच खुली झाली होती. त्यानंतर वरच्या आळीतली एकही बाई त्या विहिरीवर आली नाही. त्यांनी आपल्या परसात नवी खोदली. जुनीचा गाळ कुणी काढेना, आणि आई तेच पाणी फडक्याने गाळून पीत मोठी झाली. काकांच्या घरात ही बाजू कुणी सांगितली नसणार.

यशू जिन्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “मम्मा, व्हाय इज इट ऑलवेज यू?”

“ऑलवेज म्हणजे?”

“चेअर्स. अँड नाउ धिस.”

मी गाडी सुरू केली. दहा वर्षांच्या मुलीला जे दिसत होतं, ते मी बघायचं टाळत होते, कारण बघितलं की काहीतरी करावं लागतं आणि मला कंटाळा आला होता. समजावून सांगायचा कंटाळा, चांगल्या माणसांना वाईट वाटू नये म्हणून जपायचा कंटाळा. पण प्रयोगाला पहिल्या रांगेत यशू बसणार होती, आणि तिची आई काकांच्या बुटांवर डोकं ठेवणार होती. ते तिने आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. “काका, मी तो सीन करणार नाही.”

“नाटकच आहे गं! एका मिनिटाचं काम. इतकं काय मनाला लावून घेतेस?”

“मग दुसऱ्या कुणाला द्या. एका मिनिटाचंच आहे.”

नवरा चिडला. “यार, सगळे आपल्याला ओळखतात इथे. एकदा वाकली असतीस तर काय झालं असतं?” तो घाबरला होता. त्याला मी दोष देत नाही.

आणि मग गंमत झाली. त्या सीनला कुणी मिळेना. राणीचं काम करणारी म्हणाली, तिच्या सासूबाई इंडियातून आल्यात, त्या समोर बसणार, बरं दिसणार नाही. दुसरीचे गुडघे दुखायला लागले. तिसरी झुंबा शिकवते, तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. ती म्हणाली, “मी काय मोलकरीण दिसते का?” एक पुरुष तयार झाला होता, त्याच्या बायकोने नाव कॅन्सल केलं. मला नाटकच आहे म्हणून सांगणाऱ्या या बायका. एकीलाही ते नाटक वाटेना.

प्रयोग शाळेच्या ऑडिटोरियममध्ये झाला. मी गेले. खुर्च्या मांडल्या नाहीत, यशूला घेऊन पहिल्या रांगेत बसले. काकूंनी रडण्याचा आवाज रेकॉर्ड करून दिला होता. शेवटी काका स्टेजच्या मधोमध उभे राहिले, विग घालून, एक बूट जरा पुढे काढून. स्पीकरमधून आवाज आला, “मायबाप, तुमचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत.” काकांनी रिकाम्या लाकडी फळ्यांवर आशीर्वादाचा हात धरला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“देअर इज नोबडी देअर, मम्मा,” यशू म्हणाली, जरा मोठ्याने.

“नाही,” मी म्हटलं. “तिथे मी असणार होते.”

घरी येताना मी तिला सगळं सांगितलं. विहीर, गाळ, आईचं फडकं, आपलं आडनाव, आपण कोण. ती मध्येमध्ये इंग्लिशमधून विचारत होती, मी मराठीतून सांगत होते. घरी पोचल्यावर क्लोझेटमधून फोटो काढला, पुसला आणि हॉलमध्ये सोफ्यासमोरच्या भिंतीवर लावला. यशूने खिळा धरला.

आठवड्याने काकांचा फोन आला. “झालं गेलं सोडून दे. रविवारी मी आणि काकू चहाला येतो. गैरसमज नकोत.” आवाजात तीच माया.

रविवारी दुपारी नवऱ्याने डायनिंगची खुर्ची उचलली आणि भिंतीपाशी नेली. त्याच्या अंगात ती सवय भिनली आहे.

“राहू दे,” मी म्हटलं.

“दोनच तास गं. ते गेले की परत लावतो.”

“लावायचा राहतो मग.”

तो खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला. मी खुर्ची त्याच्या हातातून घेतली आणि टेबलाला लावली. गॅसवर चहाचं आधण ठेवलं. साखर कमी, काकांना डायबिटीस आहे. त्यांना चहा मिळेल, बिस्किटं मिळतील, नीट बसवून बोललं जाईल. विहिरीची गोष्ट परत काढली, तर यावेळी ती गाळासकट ऐकावी लागेल.

खाली गाडी लागल्याचा आवाज आला. दार उघडायला मी निघाले. मी थकले आहे, आणि हे इथे संपणार नाही, हेही मला माहीत आहे. पण तो फोटो आता भिंतीवरून उतरणार नाही. आणि माझं डोकं कुणाच्या बुटांवर जाणार नाही, नाटकातसुद्धा नाही.